सूड, हेर आणि नायक

परवां वर्गांत इंग्रजी कादंबरीच्या तासाला ‘नायक’ या शब्दाच्या अर्थाची चर्चा चालली होती. एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आतांचा नायक मुळांत शूर नसतोच. तो तुमच्याआमच्यासारखा असतो. कोणीतरी त्याचें माणूस मारतो, आणि मग तो शूर होतो.” उदाहरण म्हणून त्यानें ‘द ॲमेच्युअर’ या चित्रपटाचें नांव घेतलें. वर्गांत ही व्याख्या कोणालाहि खटकली नाहीं. आम्हांस ती खटकली. परंतु कां खटकली हें तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत नीट सांगतां आलें नाहीं. जें तेथें राहून गेलें तें येथें सांगण्याचा विचार आहे.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यांत अशी. जेम्स हॉज यांनीं दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट २०२५ सालीं निघाला. रॉबर्ट लिटेल यांच्या १९८१ च्या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याच सालीं तिच्यावरून पहिला चित्रपटहि निघाला होता. नायक चार्ली हेलर हा अमेरिकेच्या गुप्तहेर-खात्यांत सांकेतिक लिपि उलगडण्याचें काम करतो. संगणकापुढें बसून त्याचा दिवस जातो. पिस्तूल धरणें त्याच्या स्वभावांत नाहीं. त्याची पत्नी लंडनमध्यें दहशतवाद्यांच्या हातून मारली जाते. मारेकरी कोण हें तो स्वतः शोधून काढतो, पण वरिष्ठ हालचाल करीत नाहींत. तेव्हां त्यांनीं दडविलेल्या एका दुष्कृत्याचा पुरावा पुढें करून तो त्यांस पेंचांत पकडतो, शस्त्रविद्येचें थोडें शिक्षण पदरांत पाडून घेतो आणि एकेका मारेकऱ्याचा माग काढीत युरोपभर हिंडतो. रामी मॅलेक या नटानें ही भूमिका समजून केली आहे, हें आम्ही प्रथमच कबूल करतों. पत्नीच्या मृत्यूनंतरचें त्या घरांतलें मौन पाहतांना कोणाचेंहि मन द्रवल्यावांचून राहणार नाहीं.

परंतु मन द्रवलें म्हणून बुद्धीनेंहि रजा घ्यावी असा नियम नाहीं. आमचा आक्षेप चित्रपटाच्या कारागिरीवर नसून, तो प्रेक्षकाकडून ज्या गोष्टीला गुपचूप संमति घेतो तिच्यावर आहे. ती गोष्ट अशी कीं, दुःख हाच परवाना होय. ज्याचें दुःख खरें त्याचा न्याय खरा, आणि ज्याचा न्याय खरा त्याच्या हातून झालेली हत्या ही हत्याच नव्हे ! या तीन पायऱ्यांपैकीं पहिली मान्य करतांना आपल्याला कांहींच वाटत नाहीं. दुसरीवर आपण अंधारांत पाय ठेवतों. तिसरीवर आपण उभे आहोंत हें चित्रपटगृहांतून बाहेर आल्यावरहि ध्यानांत येत नाहीं.

त्यांतहि एक चलाखी आहे. हेलरला समोरच्या माणसावर गोळी झाडतां येत नाहीं, आणि ही त्याच्या सज्जनपणाची खूण म्हणून आपल्याला दाखविली जाते. मग हा सज्जन काय करतो ? तो यंत्रें रचतो. माद्रिदमध्यें दोन उंच इमारतींच्या मधोमध बांधलेल्या कांचेच्या जलतरण-तलावाचा तो एका शत्रूसाठीं सांपळा करतो. मनुष्य मरतो, तलाव कोसळतो. नायकाचा हात मात्र कोरडा. कसायाला आपण निर्दय म्हणतों, निदान सुरी तरी त्याच्या हातांत असते. दुरून, हिशेबानें, बटण दाबून मारणारा मनुष्य हळवा आणि जवळून मारणारा तेवढा क्रूर, हा नीतिशास्त्रांतील कोणता नवा सिद्धांत आहे ? आमच्या मतें सज्जनपणाची ही खूण नसून हातावर रक्त दिसूं नये एवढ्यापुरती असलेली ती शिसारी आहे.

आतां हेरगिरीकडे वळूं. या जातीच्या चित्रपटांची स्तुति करणारे म्हणतात कीं, यांत हेराचें जीवन दिसतें. आम्हांस तर यांत हेरच दिसत नाहीं. हेराचें काम माणूस मारण्याचें नसून बातमी आणण्याचें आहे. शिवछत्रपतींच्या सुरतेच्या स्वारीपूर्वीं बहिर्जीनें त्या शहराची बातमी आणली, हें सभासदानें नमूद करून ठेविलें आहे. त्या बातमीचें मोल ती खरी असण्यांत होतें. कौटिल्यानें गूढपुरुषांचे अनेक प्रकार सांगितले, त्यांत तीक्ष्ण आणि रसद, म्हणजे मारेकरी आणि विषप्रयोग करणारे, यांनाहि जागा दिली. तो कांहीं कोमल मनाचा ग्रंथकार नव्हता. पण त्याच कौटिल्यानें असेंहि बजावलें आहे कीं, एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघां हेरांचें म्हणणें जुळेल तेव्हांच बातमीवर विश्वास ठेवावा. सूड घेणाऱ्याला तीन साक्षी लागत नाहींत. त्याला एकच पुरते, ती म्हणजे त्याची स्वतःची वेदना. चित्रपटांत हेलरचा शोध अचूक ठरतो, कारण लेखकाला तो अचूक ठरवावयाचा असतो. जगांत लेखकाची ही कृपा कोणाच्या वांट्याला येत नाहीं.

कोणी म्हणेल, “प्रोफेसरसाहेब, हा घटकाभराचा खेळ आहे; त्याला एवढा मोठा तराजू कशाला ? आणि अमेरिकेंतल्या पडद्यावरच्या सुडाशीं धाराशिवच्या माणसाचा संबंध काय ?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या विद्यार्थ्यानेंच देऊन ठेविलें आहे : खेळांतून तो नायकाची व्याख्या शिकून आला. दुसऱ्याचें उत्तर थोडें कटु आहे, पण तें धाराशिवच्या माणसानें तरी टाळूं नये.

आमचा हा जिल्हा, परवांपरवांपर्यंत ज्याचें नांव उस्मानाबाद होतें, निजामाच्या राज्यांत होता. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होतें. रझाकारांनीं केलेली खंडणी, लूट, जाळपोळ आणि खून यांच्या आठवणी येथील कितीतरी घरांत अजून सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. त्यांच्या जुलमाला विरोध करणारा मुसलमानहि सुटला नाहीं. ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत खून झाला. पुढें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापूरच्या रस्त्यानें आलें, बोरी नदीवरचा पूल त्यानें शाबूत हस्तगत केला आणि पहिल्याच दिवशीं नळदुर्ग घेतला. १७ तारखेस निजामानें हार मानली. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतों, आणि तो पाळलाच पाहिजे.

परंतु त्या मुक्तीनंतरचे दिवसहि याच मातींत घडले. पंतप्रधान नेहरूंच्या इच्छेवरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनीं त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानांतील सोळांपैकीं नऊ जिल्हे पाहिले. त्यांचा अहवाल पुढें कित्येक दशकें लोकांसमोर आला नाहीं. पोलीस ॲक्शनच्या वेळीं व तिच्यानंतर संस्थानांत किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसें मेलीं असावींत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनीं आमच्या जिल्ह्याचें नांव घातलें आहे. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून मेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नसावी, असें ते म्हणतात. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, आणि आंकड्यांवर वाद घालण्यास जागा आहे. पण मेलेल्यांत पुष्कळसे साधे मुसलमान शेतकरी, विणकर आणि कारागीर होते, ज्यांचा रझाकारीशीं कांहीं संबंध नव्हता, या गोष्टीपुढें आंकड्यांच्या वादानें पळवाट मिळत नाहीं.

हे मारणारे कोण होते ? सारेच कांहीं धंदेवाईक दरोडेखोर नव्हते. त्यांतल्या कित्येकांचें दुःख खरें असेल. कोणाचा भाऊ मारला गेला असेल, कोणाचें खळें जळलें असेल. चित्रपटाच्या व्याख्येनें पाहिलें तर तेहि तुमच्याआमच्यासारखेच होते, आणि कोणीतरी त्यांचें माणूस मारल्यावर ‘शूर’ झाले होते. फरक एवढाच कीं, ज्यानें मारलें तो सांपडला नाहीं म्हणून जो सांपडला त्याला त्यांनीं मारलें. सुडाला नांव लागतें, आणि खरें नांव मिळालें नाहीं तर तो शेजाऱ्याचें नांव चालवून घेतो.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सूड घेण्यास बाहेरून निघालेल्या जमावाला घर ठाऊक नसतें. त्याला घर दाखविणारा लागतो. गांवांतलाच, ओळखीचा, त्या घरचें पाणी प्यालेला. हाच खेड्यांतला हेर. त्याच्या एका बोटावर कुटुंबें जगतात आणि मरतात. हेरकथेवर प्रेम करणाऱ्यांनीं या बोटाचा विचार एकदां तरी करावा.

आमचे विद्वान मित्र येथें म्हणतील, “सुडाचा एवढा तिटकारा तर चाणक्याला काय म्हणाल ? त्यानें शेंडी सोडून प्रतिज्ञा केली आणि नंदांचा निःपात केला.” विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’चें नांव निघालें हें बरेंच झालें. तें नाटक सुरू होतें तेव्हां नंद मरून गेलेले आहेत. म्हणजे जेथें आजचा चित्रपट संपतो तेथें नाटककार आरंभ करतो ! शत्रु मेला, पण चाणक्याची शेंडी सुटलेलीच आहे. कारण नंदांचा निष्ठावंत अमात्य राक्षस अजून मिळवावयाचा आहे, आणि मिळवावयाचा म्हणजे मारावयाचा नव्हे. खोटें पत्र, हातीं आलेली मुद्रा, यमपट घेऊन घरोघर फिरणारा हेर, ही सारी यंत्रणा एका प्रामाणिक शत्रूला आपल्या बाजूस आणण्यासाठीं राबते. चाणक्याचे मार्ग निर्मळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण सात अंकांच्या त्या कपटाचा शेवट राक्षसानें मंत्रिपद स्वीकारण्यांत होतो आणि मगच शेंडी बांधली जाते. सुडानें तें काम झालें नव्हतें.

तथापि त्या नाटकांत आम्हांस खरा नायक दिसतो तो चाणक्यहि नव्हे आणि राक्षसहि नव्हे. तो आहे चंदनदास नांवाचा जवाहिऱ्या. राक्षसाचीं बायकामुलें त्याच्या घरीं लपलेलीं होतीं. चाणक्य त्याला लोभ दाखवितो, धमकी देतो, आणि शेवटीं सुळावर चढविण्याची आज्ञा होते. वध्यस्थानाकडे त्याला नेणारे चाणक्याचेच हेर आहेत आणि हा सारा डाव आहे, हें त्याला ठाऊक नाहीं. त्याच्यापुरतें मरण खरें आहे. तो योद्धा नव्हे, मुत्सद्दी नव्हे. हिऱ्यामाणकांची पारख करणारा संसारी मनुष्य आहे. पण तो घर दाखवीत नाहीं.

सुंदरलाल यांच्या अहवालांत मृत्यूंच्या त्या भयंकर पानांबरोबर एक निराळी नोंद आहे. अनेक हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यांत घालून आसरा दिला. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठीं हिंदूंच्याच जमावाला तोंड दिलें, आणि त्यांत त्यांचे स्वतःचे प्राणहि गेले. या माणसांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. मागावर बसणारा, सूत मोजणारा हा मनुष्य एका संध्याकाळीं दारांत उभा राहिला आणि ‘आंत कोणी नाहीं’ किंवा ‘आंत आहे, पण मिळणार नाहीं’ अशा अर्थाचें कांहीतरी बोलला असेल. त्याचेंहि कांहीं लुटलें गेलें असेल. रझाकारानें विणकराची जात पाहून खंडणी घेतली नव्हती. दुःखाचा परवाना त्याच्याहि खिशांत होता. त्यानें तो वापरला नाहीं.

न्यायाचें काय, असें कोणी विचारील तर उत्तर साधें आहे. गुन्हेगाराला न्यायासनापुढें उभें करावें, आणि शासन तें करीत नसेल तर शासनालाहि तेथें खेंचावें. ‘द ॲमेच्युअर’मध्यें वरिष्ठांचें पाप उघडकीस येतें तो भाग म्हणूनच आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. शेवटच्या शत्रूला तर हेलर ठार न मारतां कायद्याच्या हवालीं करतो. म्हणजे शेवटच्या क्षणीं चित्रपटालाहि कळून चुकतें कीं आपण चुकीच्या वाटेनें आलों. पण तोंवर प्रेक्षकानें आधींच्या हत्यांना मनांतल्या मनांत टाळ्या वाजविलेल्या असतात, आणि त्या टाळ्या परत घेण्याची सोय कोणत्याहि चित्रपटगृहांत नाहीं.

मुलांनीं असे चित्रपट पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. बंदीनें कोणाची रुचि सुधारत नसते. घरच्या वडील मंडळींनीं मात्र, मुलगा असा चित्रपट पाहून उत्साहानें घरीं येईल तेव्हां, रझाकारांच्या आठवणींबरोबर त्यानंतरच्या दिवसांची आठवणहि त्याला सांगावी. अर्धी आठवण हीच सुडाची सर्वांत मोठी शिदोरी असते.

त्या विद्यार्थ्याची व्याख्या आम्ही पुढच्या तासाला फळ्यावर लिहिणार आहोंत, आणि तींत एकच दुरुस्ती सुचविणार आहोंत. नायक तुमच्याआमच्यासारखा असतो हें त्याचें म्हणणें अगदीं बरोबर आहे. पण त्याचें माणूस मारलें जातें तेव्हां तो नायक होत नाहीं. दुसऱ्याचें माणूस मारावयास आलेले लोक दारांत उभे राहून घर विचारतात, तेव्हां त्याची परीक्षा होते.