वेषधारी शत्रु

गेल्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसें युद्ध झालें. थोरल्या पुतण्यास खेळ रचण्याचा छंद. त्यानें पुठ्ठ्यावर घरें आखून एक पट केला व धाकट्या बहिणीस समोर बसविलें. आळीपाळीनें सोंगट्या हालवावयाच्या आणि वेढ्यांत सांपडलेले बारा गांवकरी तिनें सुखरूप बाहेर काढावयाचे, असा नियम. पहिल्याच डावांत तिनें ज्या गांवकऱ्यास हात दिला तो शत्रु निघाला व तिचा सेनापति पडला. “काका, हा रडीचा डाव आहे!” म्हणून ती उठली. पुतण्या म्हणाला, “युद्धांत कपट असावयाचेंच.” निवाडा मजकडे आला.

मीं दुसरा डाव मांडावयास सांगितलें. या खेपेस पोरीनें एकाहि गांवकऱ्याजवळ सोंगटी नेली नाहीं. सारे मरूं दिले आणि म्हणाली, “आतां मला कोणी फसवणार नाहीं.” खेळ होता वांचविण्याचा; एका अवचित दग्यानें तो नुसत्या संशयाचा झाला.

सोंगट्यांस सोंग देण्याची ही कला जुनी आहे. एर्मांस एदां या फ्रेंच बाईंनीं १९०८ सालीं ‘लाताक’ या पटखेळाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्याच घराण्यांतला ‘स्ट्रॅटेगो’ पुष्कळांच्या परिचयाचा असेल. त्यांत प्रत्येकाच्या चाळीस सोंगट्या. प्रतिपक्षास दिसते ती पाठ सर्वांची सारखी. कोण कोठें आहे हें गुप्त. पण समोर सहा सुरुंग, आठ टेहळे व एकच गुप्तहेर आहे, हें दोघांसहि आधींच ठाऊक असतें. शंका आली तर एखादा दुबळा टेहळ्या पुढें धाडावा. तो बळी जाईल, परंतु समोरच्याचें नांव उघडें होईल. गुप्तहेराची योजना तर फारच मार्मिक आहे. त्यानें होऊन हल्ला केला तर मार्शलासारखा सर्वश्रेष्ठ पडतो. त्याच्यावर मात्र कोणीहि चाल केली तरी तोच मरतो. सोंगाचें बळ व सोंगाची किंमत एकाच सोंगटींत!

संगणकावरील ‘एक्सकॉम २’ हा २०१६ चा खेळ आमच्या पुठ्ठ्याच्या पटास अधिक जवळचा. परग्रहवासी वस्तीवर तुटून पडतात, आणि नागरिकास वांचविण्यासाठीं सैनिकास त्याच्या निकट जावें लागतें. त्या नागरिकांत कधीं कधीं ‘फेसलेस’ म्हणजे बिनचेहऱ्याचे शत्रु मिसळलेले असतात. सैनिक जवळ येतांच ते मूळ अक्राळविक्राळ रूप धारण करितात. त्यांस दुरून ओळखण्याचें यंत्र सैनिकांस मिळूं शकतें. परंतु तें वापरण्यांत वेळ जातो, आणि तेवढ्यांत एखादा खरा नागरिक प्राणास मुकतो. विश्वासासहि मोल आहे, संशयासहि आहे. कोणतें द्यावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

म्हणून मीं पुतण्यास तीन कलमें घातलीं. बारांत वेषधारी किती, हें आरंभींच सांगावें. पारख करण्यास साधन द्यावें, पण त्यापायीं एक चाल खर्चीं पडावी. आणि सोंग उघडें पडल्यावर घाव बसण्यापूर्वीं खेळणारास एक चाल मिळावी. “मग गंमत काय राहिली?” तो म्हणाला. मीं म्हटलें, “न सांगतां दिलेला धक्का एकदांच बसतो. दुसऱ्या डावास तो उरत नाहीं. उरतो तो अविश्वास. खेळणारानें हरल्यावर ‘माझें चुकलें’ म्हणावें. ‘मला फसविलें’ म्हणण्याची पाळी त्यावर आणूं नये.”

तिसऱ्या डावांत दोन वेषधारी होते, ते दोन्ही तिनें हुडकले आणि नऊ गांवकरी बाहेर काढले. एकाची पारख करण्यांत चाल गेली व तेवढ्यांत तो मारला गेला; तो खरा होता. ती त्या सोंगटीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “याच्यावर मीं उगीच संशय घेतला.” रडीचा डाव मात्र म्हणाली नाहीं.

असो. चौथ्या डावाची तयारी चालली आहे. या खेपेस सोंग घेण्याची पाळी तिची आहे, आणि पुतण्या मजकडे येऊन तिन्ही कलमें पुन्हां वाचून गेला आहे.