एरर वाचा, क्वेरी जोडू नका

पॅरामीटर बाइंड केलेली क्वेरी चालेना, की घाईतला प्रोग्रामर व्हॅल्यूच्या जागी ठेवलेलं प्रश्नचिन्ह काढून टाकतो आणि व्हॅल्यू थेट क्वेरीच्या मजकुरात जोडतो. क्वेरी चालते, काम पुढे सरकतं. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हेच. यात चूक तशीच राहते आणि वर धोका वाढतो.

वसई-गोव्याकडचं डिसोझा हे आडनाव घ्या. रोमन लिपीत त्यात ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येते. जोडलेल्या क्वेरीत डेटाबेस तिथेच स्ट्रिंग संपली असं समजतो आणि सिंटॅक्स एरर देतो. डिसोझांचा फॉर्म ज्या फटीत अडकतो, तिच्यातूनच हल्लेखोर स्वतःचं एसक्यूएल आत घुसवतो. हा धोका 1998 सालीच ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात जाहीरपणे मांडला गेला होता. आज त्याला सबब चालणार नाही.

आणि बाइंडिंगच्या चुका बहुतेक वेळा सोप्या असतात. पायथनमधून एसक्यूलाइट वापरताना क्वेरीत एकच प्रश्नचिन्ह आहे, कंसात ‘सुनीता’ हे एकच नाव दिलंय, तरी एरर म्हणते: हवं 1, दिलीत 6. एका घटकाच्या टपलमध्ये शेवटी स्वल्पविराम लागतो. तो राहिला की उरते नुसती स्ट्रिंग, आणि तिच्यातलं प्रत्येक चिन्ह वेगळी व्हॅल्यू म्हणून मोजलं जातं. स, न, त आणि तिघांच्या तीन मात्रा, झाले सहा. दुखणं कुठे आहे ते आकडाच सांगतो.

एररमध्ये ‘हवीत 0’ असं आलं, तर प्रश्नचिन्ह अवतरणात अडकलंय. ‘लाइक’ वापरताना हे हमखास होतं. टक्क्याची चिन्हं व्हॅल्यूला लावा, प्रश्नचिन्ह मोकळं ठेवा. ‘इन’च्या कंसात जितक्या व्हॅल्यू, तितकी प्रश्नचिन्हं हवीत.

सगळ्यांत फसवी चूक एररही देत नाही. ‘ऑर्डर बाय’पुढे कॉलमचं नाव बाइंड केलं, तर एसक्यूलाइटला तो साधा मजकूर वाटतो. प्रत्येक ओळीसाठी तो सारखाच, म्हणून त्यानुसार क्रम लागतच नाही. क्वेरीचा सांगाडा आधी ठरतो, व्हॅल्यू नंतर येते. त्यामुळे टेबल-कॉलमची नावं बाइंड होत नाहीत. ती कोडमध्ये ठरवून ठेवलेल्या यादीतूनच निवडावीत.

कोड रिव्ह्यू करणाऱ्या सीनियर मंडळींना माझा आग्रह आहे: ‘चालतंय ना’ एवढ्यावर जोडलेली क्वेरी पास करू नका. ती परत पाठवा, आणि ज्युनियरच्या शेजारी बसून एरर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. रिलीज एक दिवस लांबली तर भरून काढता येते. लोकांची फुटलेली माहिती परत गोळा करता येत नाही.