वॉशिंग्टनची मुदत आणि म्हैसूरची मजुरी

अमेरिकेच्या अध्यक्षपदावर बसलेल्या गृहस्थांना आणखी एक मुदत मिळावी काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अमेरिकन मतदारांचा आहे. म्हैसूरच्या गल्लीत घरबसल्या उदबत्त्या वळणाऱ्या बाईचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, तिला न विचारता, तिच्या वतीने, या प्रश्नाचे उत्तर एकदा देऊन टाकण्यात आलेले आहे. २२ सप्टेंबर २०१९ रोजी ह्यूस्टनच्या क्रीडागारात, डोनाल्ड ट्रम्प यांच्या उपस्थितीत, भारताच्या पंतप्रधानांनी ‘अबकी बार, ट्रम्प सरकार’ हे शब्द उच्चारले. २०१६ सालच्या एका घोषणेचे ते केवळ स्मरण होते, असा खुलासा परराष्ट्रमंत्र्यांनी मागाहून केला. खुलासा मान्य करू. परंतु त्यानंतर पाचच महिन्यांनी, अमेरिकन निवडणुकीच्या वर्षातच, २४ फेब्रुवारी २०२० रोजी अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर लाखाचा समुदाय जमवून ‘नमस्ते ट्रम्प’चा जो सोहळा झाला, तोही स्मरणरंजनच होता काय?

त्या वर्षी ट्रम्प पराभूत झाले. २०२४ साली ते पुन्हा निवडून आले आणि २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. इतक्याने भागले नाही. तिसऱ्या मुदतीविषयी आपण विनोद करीत नाही, असे त्यांनी मार्च २०२५ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. त्याआधी जानेवारीतच त्यांच्या पक्षाच्या एका प्रतिनिधीने त्यासाठी घटनादुरुस्तीचा ठराव प्रतिनिधिगृहात मांडला होता. तेव्हा प्रश्न पुन्हा उभा आहे, आणि आपल्या देशातील ज्यांनी पहिल्या वेळी त्याचे उत्तर टाळ्यांनी दिले, त्यांच्याकडून हिशेब मागण्याची वेळ आली आहे.

मर्यादा कोणी घातली, कशासाठी घातली?

म्हैसूरला अमेरिकेचे नाव नवे नाही. १७८२ साली पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आरमारात ‘हैदर अली’ नावाचे एक लढाऊ गलबत होते आणि त्याने त्याच वर्षी डेलावेअरच्या उपसागरात एक ब्रिटिश जहाज पकडले. इंग्रजांशी झुंजणाऱ्या वसाहतींना म्हैसूरचा सेनानी आपला सहकारी वाटत होता. १७८१ साली यॉर्कटाउनला ज्या कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेवली, तोच पुढे भारतात आला आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणला त्याने टिपूचे अर्धे राज्य व दोन मुलगे ओलीस घेतले. साम्राज्यशाहीविरुद्ध उठलेल्या त्या प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दोन मुदतींनंतर स्वखुशीने पायउतार झाला आणि तो पायंडा जवळजवळ दीडशे वर्षे टिकला.

तो मोडला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. १९३२, १९३६, १९४० व १९४४ असे चार वेळा ते निवडून आले. ते भांडवलशाहीचे शत्रू नव्हते. उलट महामंदीच्या खाईतून तिला वर काढणारे होते. परंतु रस्त्यावर उतरलेल्या कामगारांच्या रेट्याखाली १९३५ साली संघटनेच्या हक्काचा कायदा व सामाजिक सुरक्षेचा कायदा त्यांच्या कारकिर्दीत झाला. त्यांच्या निधनानंतर अमेरिकन काँग्रेसमध्ये बहुमतात आलेल्या रिपब्लिकनांनी १९४७ साली दोन कामे केली. टाफ्ट-हार्टली कायदा करून कामगार संघटनांच्या मुसक्या बांधल्या, आणि कोणालाही दोनदाहून अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येता येऊ नये यासाठी बाविसावी घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे धाडली. १९५१ साली ती अमलात आली.

म्हणजे ज्या कुंपणाआड आज लोकशाही उभी आहे, ते कुंपण घालणाऱ्यांच्या मनात लोकशाहीबरोबरच कामगारांच्या सवलतींचे भयही होते. परंतु इतिहासाची गंमत अशी की, एका वर्गाने स्वतःच्या सोयीसाठी बांधलेली भिंत दुसऱ्या काळात त्याच वर्गाच्या सर्वात उद्दाम गटाला आडवी येते. ती मोडायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि पन्नासपैकी अडतीस राज्यांची संमती लागते. घटनेच्या अंगाने पाहता उत्तर स्पष्ट आहे: तिसऱ्यांदा निवडून येण्याचा हक्क नाही. श्रमजीवी जनतेने ही भिंत राखण्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, मग ती मूळची कोणीही बांधलेली असो.

लायकीचे माप

तथापि, घटनेचे उत्तर पुरेसे नाही. ‘लायक’ हा शब्द आला की माप कोणाचे, हे विचारावे लागते. निव्वळ मतांचे माप घेतले तर १९७२ साली निक्सन यांनी आणि १९८४ साली रेगन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? परंतु निक्सन यांचे आरमार डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशचे मुक्तियुद्ध निर्णायक टप्प्यावर असताना, बंगालच्या उपसागराकडे निघाले होते. फेरनिवडीनंतर दीड महिन्याच्या आत, १९७२ च्या नाताळात, त्यांनी हनोईवर बॉम्बचा वर्षाव केला. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना राजीनामा देऊन जावे लागले. रेगन यांनी १९८१ साली संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात बडतर्फ केले, आणि तीन वर्षांनी त्यांनाच दुसरी मुदत बहाल झाली.

उलट लिंडन जॉन्सन यांचे पाहा. १९६४ साली शांततेच्या भाषेत मते मागून ते प्रचंड बहुमताने निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व्हिएतनाममध्ये फौजा लोटल्या. ३१ मार्च १९६८ रोजी त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. त्यांची लायकी मतपेटीने ठरविली नव्हती. व्हिएतनामी जनतेच्या प्रतिकाराने आणि अमेरिकन तरुणांच्या युद्धविरोधी चळवळीने ती ठरविली होती. मुदत देणारी जनता मुदतीच्या मध्येही बोलू शकते, हा १९६८ चा धडा होय.

दुसऱ्या कारकिर्दीचा जमाखर्च

आता २०२५ साली सुरू झालेल्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षाचा जमाखर्च याच मापाने मांडू. निवडणुकीत अमेरिकन कामगाराला सांगण्यात आले की, त्याची नोकरी परदेशांनी पळविली आहे. मार्च २०२५ मध्ये संरक्षणाचे कारण पुढे करून केंद्र सरकारच्या लाखो कर्मचाऱ्यांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क एका आदेशाने काढून घेण्यात आला. जुलैमध्ये धनिकांच्या करसवलती कायम करणारा आणि गरिबांच्या वैद्यकीय साहाय्याला कात्री लावणारा कायदा झाला; त्यामुळे दहा वर्षांत सुमारे एक कोटी लोक आरोग्यविम्याबाहेर जातील, असा अंदाज अमेरिकन काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने दिला. कामगाराच्या नावाने घेतलेली सत्ता कामगाराच्याच खिशावर चालली, याचा आणखी पुरावा काय हवा?

आणि भारताच्या वाट्याला काय आले? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून उतरविण्यात आले. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर पंचवीस टक्के जादा आयातशुल्क बसले आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेल घेतल्याचा दंड म्हणून आणखी पंचवीस. रशियन तेलाचा भारताहून मोठा खरेदीदार चीन. त्याच्यावर असा दंड बसला नाही. १९ सप्टेंबर रोजी नव्या एच-वन-बी परवान्यासाठी एक लाख डॉलर शुल्काचे फर्मान निघाले. या परवान्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांना मिळत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे फटका कोणाला, हे सांगावे लागत नाही.

हा फटका म्हैसूरपर्यंत कसा पोहोचतो? म्हैसूरची उदबत्ती जगभर जाते. २००५ साली तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. अमेरिका हे भारतीय उदबत्तीचे एक मोठे गिऱ्हाईक. औषधे व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना शुल्कातून सूट मिळाली, उदबत्तीला मिळाली नाही. बंदरावर शुल्क भरतो तो अमेरिकन आयातदार. पण तो निर्यातदाराकडे भाव पाडून मागतो, निर्यातदार ठेकेदाराला दाबतो आणि ठेकेदार हजारी दराने मजुरी घेणाऱ्या बाईला. तिच्याखाली दाबायला कोणी उरत नाही. वॉशिंग्टनमधील सहीचा शेवटचा भार अशा रीतीने पाटावर बसून काड्या वळणाऱ्या हातांवर येऊन पडतो.

याच शहरात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याचे कारण देऊन घरी धाडण्यात आले. त्यांना तीन संधी दिल्या होत्या आणि अट करारातच होती, असा कंपनीचा खुलासा. संख्या सातशेच्या घरात आहे, असा कर्मचारी संघटनेचा आरोप. याचे खापर ट्रम्प यांच्या माथी फोडणे हास्यास्पद ठरेल. परंतु ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक उत्पन्न उत्तर अमेरिकेतून येते, तिच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाचे भवितव्य किती बारीक दोऱ्याला टांगलेले असते, हे त्या वर्षाने दाखविले. फेब्रुवारीत त्याच्यासाठी देशातील फाटक बंद झाले आणि सप्टेंबरात परदेशातील.

महाराष्ट्राच्या वाचकांनी आणखी एक नोंद करावी. शुल्काचा तडाखा बसताच केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क उठविले आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविली. गिरणीमालकांना स्वस्त कापूस मिळाला. नवा कापूस बाजारात आणणाऱ्या विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या संरक्षणाची किंमत देऊन मिळाला. तडाखा वॉशिंग्टनने मारला; तो कोणाच्या पाठीवर घ्यायचा हे मात्र दिल्लीने ठरविले.

तीन भ्रम

या विषयावर आपल्याकडे तीन भ्रम प्रचलित आहेत.

पहिला भ्रम मैत्रीचा. दोन नेत्यांनी मिठी मारली की दोन देशांचे भले होते, असे बुर्झ्वा वृत्तपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली. ह्यूस्टन आणि मोटेराच्या मिठीचे मोल ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास टक्के ठरले, एवढे सांगणे पुरेसे आहे.

दुसरा भ्रम असा की, रिपब्लिकन नको तर डेमोक्रॅट आपले. व्हिएतनाममध्ये फौजा लोटणारे जॉन्सन डेमोक्रॅट होते. गाझाची राखरांगोळी होत असताना इस्रायलला शस्त्रे पुरविणारे बायडेन डेमोक्रॅट होते. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री हजारो माणसे गुदमरून मेली. युनियन कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन २०१४ साली मरेपर्यंत भारतीय न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत. त्या तीस वर्षांत व्हाइट हाउसमध्ये दोन्ही पक्षांचे अध्यक्ष येऊन गेले.

तिसरा भ्रम पुरोगामी कार्यकर्त्यांतच आढळतो आणि म्हणून अधिक घातक आहे. ‘सगळे एका माळेचे मणी, कोणीही येवो, आपल्याला काय?’ हे बोलणे कणखर वाटते, पण ते आळसाचे आहे. माळ एक असली तरी तिच्यातील मणी एकमेकांवर आपटतात, आणि त्या फटीतून जनतेला वाट मिळते. संघटनेचा हक्क असलेला अमेरिकन कामगार आणि तो हक्क गमावलेला कामगार यांत फरक नाही, असे म्हणणे म्हणजे त्याच्या लढ्याकडे पाठ फिरविणे होय. त्याचा पराभव हा म्हैसूरच्या मजुराचाही पराभव आहे, कारण दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करूनच दोघांची मजुरी पाडली जाते.

तैनाती फौजेची आठवण

मराठी माणसाला या प्रकरणात एक जुनी आठवण झाली पाहिजे. १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात कॉर्नवॉलिसच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही होत्या. इंग्रजांच्या दोस्तीत टिपूचा मुलूख वाटून घेताना पुणे दरबाराला तो विजय वाटला. दहा वर्षांनी, १८०२ च्या अखेरीस, वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पत्करली आणि १८१८ साली पेशवाईच संपली. परक्या सत्तेच्या गळ्यात गळा घालून शेजाऱ्याला नमविण्याचे राजकारण कोठे नेते, हे शिकण्यासाठी आपल्याला वॉशिंग्टनपर्यंत जाण्याची गरज नाही.

म्हणून या वादात आपली भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे आणि तेथील श्रमिकांच्या अनुभवाप्रमाणे आणखी एका मुदतीची मागणी धुडकावण्याच्याच लायकीची आहे. ती धुडकावण्याचे काम अमेरिकन जनतेचे आहे आणि त्या कामात आपली सहानुभूती तिच्याबरोबर आहे. आपले काम येथे आहे. निर्यातीच्या उद्योगांत शुल्काचे निमित्त करून मजुरी कापली जात असेल तेथे ती रोखणे; घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतनाच्या कक्षेत आणण्यासाठी त्यांची संघटना बांधणे; संगणक उद्योगातील तरुणाला तोही वेतनावर जगणारा कामगार आहे, हे पटवून देणे; आणि देशाचे परराष्ट्र धोरण कोणाच्या निवडणुकीच्या मंडपात गहाण टाकण्याचा अधिकार कोणत्याही पंतप्रधानाला नाही, हे चावडीवर, फाटकावर आणि सभांतून ठणकावून सांगणे.

व्हाइट हाउसचा भाडेकरू दर चार वर्षांनी बदलू शकतो. म्हैसूरच्या मजुरीचा दर मात्र तेथे ठरू द्यायचा की नाही, हे येथल्या संघटित शक्तीवर अवलंबून आहे.