लाज बाजूला, माहिती आधी



पत्रांचा गठ्ठा उघडताना आमचा हात सहसा थांबत नाही. मुलीला वसतिगृह कुठे मिळेल, सासूबाईंना साखरेचा आजार आहे तर काय खाऊ घालावे, रेशनकार्डावर सुनेचे नाव कसे चढवावे, असे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे आम्ही याच जागी देतो. गेल्या महिन्यात मात्र माहूरहून आलेल्या एका पत्रापाशी हात थांबला. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेले, चार घड्या घातलेले पत्र. खाली नाव नाही.

लिहिणाऱ्या ताईंचे वय छत्तीस. दोन मुले शाळेत. मालक वर्षातले आठ महिने पुण्याकडे बांधकामावर असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत त्या मजुरीला जातात, एरवी मिळेल ते काम करतात. पुण्यात राहणाऱ्या एका मैत्रिणीने त्यांना मोबाइलवर एका लहानशा यंत्राचे चित्र दाखवले. बायकांच्या शरीरसुखासाठी असलेले, ‘ओढून घेणारे’ यंत्र. ते घ्यावे का, कोणते घ्यावे, त्यात पाप किंवा गुन्हा आहे का, असे त्यांनी विचारले आहे. आणि शेवटी एक ओळ आहे: “लगनाला अठरा वर्सं झाली ताई, पण बाया म्हणतात ते सुख काय असतं ते मला अजून कळलं नाही. माझ्यातच काही कमी हाय का?”

पत्र आठ दिवस टेबलावर पडून होते. हे पान घरातली सगळी माणसे वाचतात, तेव्हा असा विषय घ्यावा की न घ्यावा, यावर आमच्यातच दोन मते पडली. अखेर आम्हाला 1934 सालचा एक खटला आठवला आणि उत्तर द्यायचे ठरले.

महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचक त्यात कामजीवनाविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ भाषेत, शास्त्राला धरून उत्तरे देत. अशाच काही उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नांत स्वतःच्या हाताने सुख घेण्याविषयीचाही प्रश्न होता. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. लोक अडचणीने प्रश्न विचारतात, त्यांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता होत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण मासिक बंद पडले नाही. 1953 साली कर्वे वारले तोवर ते निघत राहिले. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी बाबासाहेबांनी काळा कोट चढवला, तो प्रश्न आमच्या एका भगिनीने विचारल्यावर आम्ही तोंड फिरवावे, हे बरे दिसत नाही.

आता ताई, आधी तुमच्या शेवटच्या ओळीचे उत्तर. तुमच्यात काहीही कमी नाही.

बाईच्या शरीरात सुखाची मुख्य जागा योनीच्या आत नसते. लघवीच्या वाटेच्या वर, दोन्ही ओठ जिथे मिळतात तिथे एक लहानसा दाणा असतो. त्याला शिश्निका म्हणतात. बाहेर दिसतो तो तिचा शेंडा. बाकीचा मोठा भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ही रचना नीट मांडून दाखवली ती ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या महिला शल्यचिकित्सकांनी, आणि तीही 1998 साली! माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. या दाण्यात 8,000 मज्जातंतू असतात असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई, पण तो आकडा जनावरांवरच्या अभ्यासातून आलेला होता. 2022 साली अमेरिकेत मानवी शरीरातल्या नसेवरून मोजणी झाली, तेव्हा तो 10,000 च्या वर निघाला. म्हणजे बाईचे शरीर समजून घ्यायच्या कामात जगच मागे पडले होते. अशा वेळी अठरा वर्षांत कोणी तुम्हाला सांगितले नाही, यात तुमचा काय दोष?

नुसत्या संभोगाने या दाण्याला पुरेसा स्पर्श होत नाही. म्हणून पुष्कळ बायांना तेवढ्याने तृप्ती मिळत नाही. हा आजार नव्हे.

दुसरा प्रश्न शीलाचा. तिसरे शील आपल्याला व्यभिचारापासून दूर राहायला सांगते. दुसऱ्याला फसवणे, दुसऱ्याचे घर मोडणे, कोणावर जबरदस्ती करणे, हे त्यात येते. विवाहित बाईने आपल्या शरीराला एकांतात जाणून घेण्यात कोणाची फसवणूक होते? आम्हाला तरी त्यात शीलभंग दिसत नाही. मनाला पटत नसेल तर मात्र करू नये. कोणी करते म्हणून आपण करायचे, असेही बंधन नाही.

कायद्याचे म्हणाल तर, अश्लील वस्तूंविषयीचे जुन्या दंड संहितेतले कलम 292 आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेत 294 झाले आहे. ते विकणे, वाटणे, उघड मांडणे, त्या हेतूने बाळगणे आणि बाहेरून आणणे याबद्दल बोलते. स्वतःपुरती वस्तू कपाटात ठेवण्याला त्यात शिक्षा नाही. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी अंग चोळायची यंत्रे ‘कामसुखाची साधने’ ठरवून, 1964 च्या एका अधिसूचनेच्या आधारे अडवली होती. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम खात्याचे म्हणणे फेटाळले आणि तो अधिकाऱ्यांच्या कल्पनेचा खेळ ठरवला. तरीही परदेशातून थेट मागवायच्या भानगडीत पडू नये. पार्सल अडकले तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही जातात. भारतातलाच विक्रेता बघावा.

आता यंत्राकडे वळू.

‘ओढणारे’ हे नाव थोडे फसवे आहे. नाव ऐकून बाई घाबरते, की हे दुधाच्या पंपासारखे ओढत राहील. तसे नसते. यंत्राला वाटाण्याएवढे किंवा बोराएवढे मऊ तोंड असते. ते दाण्याभोवती टेकवायचे. आतली हवा झरझर आत-बाहेर होते, दाब कमी-जास्त होतो, आणि दाण्याला घासल्याशिवाय हलके हलके ठोके जाणवतात. जर्मनीतल्या बव्हेरिया भागातल्या मिशाएल लेंके नावाच्या गृहस्थांनी ही युक्ती काढली आणि 2014 साली असले पहिले यंत्र बाजारात आले. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी मासे ठेवायच्या काचपेटीचा हवेचा पंप वापरला होता म्हणतात. थरथरणाऱ्या जुन्या यंत्रांनी ज्यांना चुरचुरते किंवा बधिर होते, त्यांना हे सौम्य वाटू शकते. सर्वांनाच आवडेल असे मात्र नाही.

पहिल्यांदा घेताना काय पाहावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट तोंडाची. ते मऊ सिलिकॉनचे असावे. लहान-मोठी दोन तोंडे सोबत मिळत असतील तर उत्तम, कारण प्रत्येकीची ठेवण वेगळी. वास मारणारे, चिकट, जेलीसारखे रबर घेऊ नये. त्याला बारीक छिद्रे असतात, घाण आत बसते आणि धुऊन जात नाही.

दुसरी गोष्ट जोराची. किती मोठा जोर आहे हे विक्रेता ओरडून सांगतो. आपण विचारायचे, सर्वांत कमी जोर किती कमी आहे? नवशिकीला तोच कामाचा. बटणे दोन-तीनच असावीत, आणि जोर कमी करायचे बटण वेगळे असावे. एकाच बटणावर सगळे असले तर कमी करायला आधी वाढवत जावे लागते, आणि त्यात जीव दचकतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. पत्र्याच्या घरात, एका भिंतीला दोन कुटुंबे, तिथे आवाज महत्त्वाचा. ही यंत्रे अंगाला टेकलेली असली की आवाज दबतो, उचलली की घुर्र करतात. म्हणून आधी बंद करावे, मग उचलावे.

चौथी गोष्ट पाण्याची आणि विजेची. पाण्याने धुता येईल असेच घ्यावे. चार्जिंग त्याच्याच वायरने, साध्या चार्जरवर करावे. चार्जिंगला लावलेले असताना वापरू नये.

आणि पैशाची. किमती हजारापासून दहा हजारांच्याही वर आहेत. आपल्या घरात हजार रुपये म्हणजे मजुरीचे काही दिवस. महाग म्हणजे चांगले, असे समजू नये. फारच स्वस्त, नाव-गाव नसलेले तर नकोच. एक वर्षाची हमी आहे का पाहावे. अशा वस्तू उघडल्यावर परत घेत नाहीत, म्हणून घेण्याआधी विचार करावा. मुलांची फी थकलेली असेल तर आधी फी. आणि हे पक्के ध्यानात ठेवा, की यंत्रावाचून काही अडत नाही. निवांत वेळ, कडी लावलेले दार आणि स्वतःची स्वच्छ बोटे, याला एक रुपया लागत नाही. आमचे मत विचाराल तर आधी हाताने आपली जागा ओळखावी, मग यंत्राचा विचार करावा. जागाच माहीत नसेल तर यंत्र टेकवणार कुठे?

पार्सलची काळजी तुम्ही लिहिली नाही, पण आम्हाला ती दिसते. माहूरसारख्या गावात डब्यावर काय लिहिले आहे ते दारापर्यंत येईतो चार जण वाचतात. बाहेरचे खोके साधे असते का, पाठवणाऱ्याचे नाव काय छापतात, हे आधीच विचारून घ्यावे. दारात पैसे देण्यापेक्षा आधी भरलेले बरे. आपण शेतात आणि पैसे द्यायला सासूबाई, असे व्हायला नको. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गडावर गर्दी उसळते, गावातल्या वाटा तुंबतात. ते दिवस टाळावेत, किंवा मैत्रिणीलाच येताना आणायला सांगावे.

वापरण्याआधी यंत्र बोटाच्या टोकावर लावून पाहावे, म्हणजे भीती जाते. तोंडाच्या कडेला पाण्यात विरघळणारे वंगण थेंबभर लावावे. ते औषधाच्या दुकानात मिळते. खोबरेल नको, यंत्राचे तोंड बुजते, आणि निरोध वापरत असाल तर तो तेलाने फाटतो. सर्वांत कमी जोरावर चार-पाच मिनिटे पुरे. दुखले, बधिर झाले की थांबावे. पहिल्या दिवशी काहीच वाटले नाही तर निराश होऊ नये. अठरा वर्षांची लाज एका रात्रीत उतरत नाही. झाल्यावर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, सुती पिशवीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. दुसऱ्या बाईला वापरायला देऊ नये, सख्खी बहीण असली तरी.

अंगावरून घाण वासाचे जात असेल, खाज, जखम, फोड असतील, बाळंतपण किंवा ऑपरेशन होऊन भरून आले नसेल, तर वापरू नये. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, छातीत पेसमेकर बसवला असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारावे. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर त्यावर यंत्र हा इलाज नाही. ग्रामीण रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात दाखवावे. “संबंधाच्या वेळी दुखतं” एवढे तीन शब्द बोलले तरी पुरे. पुढचे डॉक्टर विचारतात.

राहिला प्रश्न मालकांचा. त्यांना सांगावे की नाही, हे तुम्ही ठरवा. आम्ही लांबून सांगणे बरोबर नाही. एवढेच सुचवतो की ते सुटीवर येतील तेव्हा यंत्राच्या आधी तो दाणा कुठे आहे हे सांगून पाहा. पुष्कळ पुरुषांनाही हे कोणी सांगितलेले नसते. आमच्या वाचक बंधूंनाही विनंती, की घरातली बाई असे काही बोलली तर तो आपल्या पुरुषपणावर घाव समजू नये. तिने विश्वासाने सांगितले, हे आधी ध्यानात घ्यावे.

अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी हा लेख नाही. त्यांना शरीराची माहिती आईने द्यावी, आणि वेळेवर द्यावी. आईलाच माहीत नसेल तर ती काय देणार, म्हणून हा खटाटोप.

माहूरच्या ताई, तुम्ही पत्रावर नाव घातले नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही विचारलेत, ते थोडे नाही. तुमच्या प्रश्नात आणखी किती जणींचा प्रश्न आहे, हे हा अंक हातात आल्यावर त्यांचे त्यांनाच कळेल. उत्तर उपयोगी पडले की नाही ते कळवा. पुढचे पत्रही बिननावाचे चालेल.

जय भीम.