एका कानाची तक्रार वयावर ढकलू नका

सातारा-सांगलीकडे एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, की वय झालं, मळ साचला किंवा मिरवणुकीतल्या डॉल्बीने कान गेला, असं म्हणून विषय संपतो. फोन आपोआप दुसऱ्या कानाला लागतो. आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधंच निघतं. मोजक्यांत मात्र ऐकणं आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर गाठ असते. ती कर्करोगाची नसते आणि वाढतेही सावकाश. तिच्यावर रेडिओसर्जरीचा चांगला उपाय आहे. लार्स लेक्सेल यांनी स्टॉकहोममध्ये १९६८ साली उभं केलेलं गॅमा नाइफ हे त्यासाठीचं यंत्र १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आलं. स्थानिक भूल देऊन डोक्याला चौकट बसवतात आणि सुमारे दोनशे बारीक किरण गाठीवर एकवटतात. दहापैकी नऊहून अधिक गाठी त्यामुळे आटोक्यात राहतात. अट एवढीच, की गाठ साधारण तीन सेंटिमीटरच्या आत हवी. मेंदूच्या देठाला ती रेटू लागली, तर बहुधा कवटी उघडावी लागते आणि तोंड वाकडं होण्याची जोखीम वाढते. म्हणूनच आपल्या भागात यंत्र किती दूर आहे, यापेक्षा गाठ केवढी असताना सापडते, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. मुंबईची ती खेप बहुधा एकदाच करावी लागते.

लहान गाठी पुष्कळदा वाढतच नाहीत, मग त्या शोधायच्या कशाला, हा आक्षेप रास्त आहे. नॉर्वेतल्या १०० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. चार वर्षांत किरण दिलेल्या गाठी सरासरी १३ टक्क्यांनी आक्रसल्या, नुसत्या देखरेखीखालच्या दीडपट झाल्या. ऐकण्यात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे गेलेला कान परत येईल, असं आश्वासन कुणी देऊ नये. पण थांबून पाहायचं ठरवलं, तरी गाठ आहे हे आधी कळायला हवं. किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याची भीती खोटी नाही, पण तसं घडणं फार विरळा. राहिला खर्च. गाठ शोधायला सगळ्यांचा एमआरआय करा, असं कुणीच म्हणत नाही. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. माण, खटाव, आटपाडी, जतच्या रुग्णाला तिथवर पाठवण्याआधी तालुक्यातच दोन्ही कानांची वेगवेगळी श्रवणचाचणी (ऑडिओमेट्री) व्हावी. दोन आलेखांत ठळक फरक दिसला आणि कानात दुसरं कारण सापडलं नाही, तर थेंब लिहून घरी न धाडता डॉक्टरांनी त्याच दिवशी एमआरआयची चिठ्ठी द्यावी.