रापणीचा किनारा आणि सुटीचे पाहुणे

दिवाळीची, नाताळची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की शहरातील नोकरदार कुटुंबांत एकच विचार सुरू होतो. गर्दीपासून दूर, समुद्रकाठच्या एखाद्या शांत गावी चार दिवस काढावेत! कचेरीतील रजा मंजूर होते, शाळांच्या सहली ठरतात आणि कोकणच्या वाटेला गाड्या लागतात. ही इच्छा स्वाभाविक आहे, तिच्यात गैर असे काही नाही. मात्र ज्या शांततेचा शोध घेत हा प्रवासी निघतो, तिचे स्वरूप तो क्वचितच ध्यानात घेतो. दुपारी गावात पोहोचणाऱ्याला वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, माडाखाली पसरलेली जाळी आणि रिकामा किनारा दिसतो. त्याला वाटते, येथे काळ थांबला आहे. वस्तुतः पहाटेपासूनचे काम उरकून गाव नुकतेच पाठ टेकत असते. प्रवाशाच्या सुटीचे हे स्थळ गावकऱ्यांच्या श्रमाची जागा असते.

मालवण तालुक्यातील तारकर्ली आणि देवबाग ही गावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मध्ये माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी, असे देवबागचे रूप आहे. या किनाऱ्यावरील गाबीत आणि इतर मच्छीमार समाजांनी रापणीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे. त्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि जाळे सोडीत पुन्हा किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या रांगा ते जाळे हळूहळू वाळूवर ओढून आणतात. बांगडा, तारली, पेडवे अशी मासळी हाती लागली की तिचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो आणि दोराला लागलेल्या हातांचाही असतो. सहकाराचे कायदे होण्याच्या पुष्कळ आधीपासून चालत आलेला हा सहकार आहे.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य शहरी पाहुण्याच्या सहसा लक्षात येत नाही. यंत्रनौकेने मासेमारी करणाऱ्याला किनारा केवळ बंदरापुरता लागतो. रापणकराला मात्र तो सलग आणि मोकळा लागतो, कारण किनारा हेच त्याचे अवजार असते. वाळूवर छत्र्या आणि खुर्च्या मांडल्या, उथळ पाण्यात पर्यटकांच्या वेगवान नौका फिरू लागल्या, तर जाळे टाकणेच अशक्य होते. शिवाय पावसाळा संपल्यावर येणारा मासेमारीचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम हे एकाच महिन्यांत येतात. संघर्षाचे मूळ येथे आहे, कोणाच्या दुष्ट हेतूत नव्हे.

पर्यटनाने या भागाचे काही भले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. तोपर्यंत येथील घरे मुंबईच्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर उभी होती. आज अनेक मच्छीमार कुटुंबांनी आपल्याच घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखल्या आहेत. घरची माशांची कढी आणि भात यांना मोल आले आहे. होडी चालविण्याचे कौशल्य पर्यटकांना खाडीची सैर घडविण्याच्या कामी येत आहे. गावातील तरुणाला गावातच पोट भरता यावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हा तरुण पर्यटनाकडे नेहमी आपल्या खुशीने वळला आहे, असेही समजता कामा नये. समुद्राच्या बाजूनेही त्याची कोंडी झाली आहे. पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका माशांचे थवेच्या थवे उचलू लागल्यापासून किनाऱ्याजवळची मासळी आटत गेल्याची पारंपरिक मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, आणि २०२१ साली राज्याच्या कायद्यातील दंड वाढविण्यात आले. कायदे आहेत, पण रात्रीच्या अंधारात समुद्रावर त्यांचा अंमल करावयाचा तर गस्तीच्या नौका आणि माणसे लागतात. तेथे शासन उणे पडते आणि रापणकराचे जाळे रिकामे येते.

समुद्राने हात आखडला असताना जमीनही पायाखालून सरकली, तर या माणसाने जावे कोठे? १९९१ साली किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण हा आपला एक उद्देश असल्याचे स्पष्ट लिहिले. मच्छीमारांच्या सामाईक जागा आणि मासळी वाळविण्याची ठिकाणे नकाशांवर दाखवावीत, त्यांच्या घरांच्या दीर्घकालीन गरजांसाठी योजना कराव्यात, असेही तीत सांगितले होते. पुढे २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामास मनाई असलेला पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींनाही वाट करून दिली. सवलतींचा लाभ घेणारे लगबगीने पुढे येतात. नकाशावर आपली वाळू नोंदवून घेण्यासाठी मात्र रापणकराला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. ज्या जागेवर त्याच्या पणजोबाने जाळी सुकविली, ती सातबाऱ्यावर त्याच्या नावाने असतेच असे नाही.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, रापण आता मोडीतच निघाली आहे. मच्छीमारांच्या मुलांनाच ती नको आहे. मग तिच्यासाठी किनारा अडवून ठेवावा कशाला? या म्हणण्यात तथ्यांश आहे. कष्टाचा धंदा मुलाने पुढे चालविलाच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही. पण निवड करण्यासाठी निवडीची संधी शिल्लक असावी लागते. मासळी पुन्हा वाढली तर जाळे पुन्हा टाकता येईल; पण एकदा बांधलेली भिंत मागे हटत नाही. म्हणून रापणीच्या जागा, होड्या ओढण्याच्या वाटा आणि मासळी वाळविण्याची खळी गावनकाशावर सामाईक म्हणून कायमची नोंदवली गेली पाहिजेत. पर्यटकांच्या नौका कोठे आणि कोणत्या वेळी चालाव्यात, हे ठरविताना ग्रामसभेचा आणि मच्छीमार संस्थांचा शब्द प्रमाण मानला पाहिजे. गावाने स्वतः आखलेले पर्यटन गावाला पोसते. बाहेरून लादलेले पर्यटन मात्र गावकऱ्याला त्याच्याच किनाऱ्यावर पगारी नोकर करून सोडते.

पाहुण्यांचेही काही कर्तव्य आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून अंत झाला. भरती-ओहोटीची वेळ आणि पाण्याची ओढ जाणणारी माणसे प्रत्येक किनाऱ्यावर असतात. पाण्यात पाय घालण्यापूर्वी त्यांना विचारणे हा शहाणपणा आहे आणि त्यांच्या ज्ञानाचा मानही आहे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एका सकाळी रापण ओढली जाताना दाखवावी आणि वाटे कसे पडतात ते समजावून सांगावे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील सहकाराचा धडा त्यांना तेथे अधिक चांगला कळेल.

दुपारची जी शांतता प्रवाशाला भुरळ घालते, ती पहाटेच्या श्रमानंतरची विश्रांती असते. ते श्रम किनाऱ्यावरून हटले तर मागे उरेल तो ओसाडपणा किंवा बाजार. गावाची शांतता हवी असेल, तर गावाचे काम चालू राहील एवढी वाळू त्याच्यासाठी मोकळी सोडणे भाग आहे.