वेल्डर परदेशी जावो, सातबारा घरी राहो



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो. लागणीची तारीख, बेण्याची जात, खताची मात्रा ही चौकशी झाली, चहा झाला, की अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरगं अंबरनाथला वेल्डिंग शिकलंय. आता सौदीला बोलावणं आलंय म्हणतंय. एजंट दीड लाख मागतोय. ऊसबिलावर उचल मिळंल का?" एखाद-दुसऱ्या घरचा हा प्रश्न असता तर आम्ही पत्रिकेची जागा अडवली नसती. पण आता तो गटागटात विचारला जातो. ऊस विकासाचे काम करणाऱ्याने वेल्डिंगवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर एवढेच की, एजंटाच्या खिशात जाणारा पैसा उसाचा आहे आणि गहाण पडणारी जमीनही उसाचीच आहे.

आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. मुलाने परदेशी जरूर जावे. मात्र हात तयार झाल्यावर जावे, सरकारी मार्गाने जावे, आणि त्यासाठी जमिनीवर बोजा चढवू नये.

मुले तिकडे का जातात

आपल्याकडचा माणूस पूर्वी मुंबईला गिरणीत जाई. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावचा तो आधार कायमचा खचला. पुढच्या पिढीचा ओढा कल्याणच्या पलीकडे वळला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावे एकाच रेल्वेमार्गावर लागून आहेत. अंबरनाथला संरक्षण उत्पादनाचे कारखाने आले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या वसाहती अंबरनाथ-बदलापूरला उभ्या राहिल्या. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी उद्योगांना मिळाले. रसायनाचे कारखाने आले म्हणजे टाक्या आल्या, रिअ‍ॅक्टर आले, मैलोगणती पाइप आले, आणि जिथे पाइप तिथे वेल्डर हवाच. अंबरनाथला व उल्हासनगरला शासकीय आयटीआय आहेत. मामाच्या, चुलत्याच्या खोलीवर राहून आपली पोरे तिथे शिकतात, कोणी थेट शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागतात.

दोन एकरांत तीन भाऊ नांदत नाहीत, हे आम्हास रोज दिसते. तेव्हा "शेती सोडून पोरं पळाली" असा बोल लावणे आम्हास पटत नाही. ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याने तो जिथे विकला जातो तिथे जावे. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत रिफायनऱ्या, वायूचे प्रकल्प, खतांचे कारखाने उभे राहू लागले. सौदीने जुबैल व यांबू ही औद्योगिक शहरे उभारण्यासाठी 1975 साली स्वतंत्र आयोगच नेमला. तेव्हापासून भारतीय वेल्डरला तिकडे मागणी आहे.

हाताची परीक्षा

ही नोकरी मुलाखतीत बोलून मिळत नाही. ती लोखंडाच्या तुकड्यावर मिळते. पाइपचे दोन तुकडे 45 अंशांच्या कोनात पक्के बांधतात. पाइप फिरवायचा नाही, वेल्डरनेच भोवती फिरून, वाकून, डोक्यावर हात धरून सांधा भरायचा. या परीक्षेला 'सिक्स-जी' म्हणतात. बहुधा मुळाचा पहिला थर आर्गॉनने आणि वरचे थर रॉडने भरतात. मग सांध्याचा एक्स-रे काढतात किंवा त्याच्या पट्ट्या कापून वाकवून पाहतात. आत बुडबुडा राहिला, स्लॅग अडकला, मुळाचा थर भिनला नाही, की उमेदवार नापास.

यात बारकावे पुष्कळ आहेत. 7018 जातीचा रॉड भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो. ओलसर रॉड वापरला तर सांध्यात हायड्रोजन शिरतो आणि पुढे चीर पडते. सांधा वरून मात्र चकचकीत दिसतो. रोगट बेण्याची लागणही पहिले दोन महिने हिरवीगारच दिसते, हे सभासदांस आम्ही सांगावयास नको.

म्हणून आमचे सांगणे असे की, आयटीआयचे एक वर्ष म्हणजे नुसती उगवण. त्यानंतर निदान दोन वर्षे टाकी, पाइप, प्रेशर व्हेसल असे खरे काम मुलाने अंबरनाथ-बदलापूरच्या शॉपमध्ये करावे. खिडकीच्या ग्रिल जोडणारा आणि पाइप वेल्डर यांत मोठे अंतर आहे. कच्च्या हाताने गेलेला मुलगा तिकडच्या चाचणीत पडला तर त्याला हेल्परच्या पगारावर उतरवतात, नाहीतर परत धाडतात. कर्ज मात्र वेल्डरच्या पगाराच्या हिशोबाने काढलेले असते.

उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' असते, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद जुना आहे. पिशवी, पट्टा असा विनोद करून खपेल. वेल्डरचा दाखला तसा खपत नाही. विकत घेतलेला दाखला पहिल्याच तुकड्यावर उघडा पडतो. शिवाय अमेरिकन संकेतानुसार एखाद्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केले नाही तर त्या पद्धतीची पात्रता संपते. तेव्हा व्हिसाची वाट पाहत घरी बसून राहणेही परवडत नाही. वाट पाहावी ती हातात होल्डर धरूनच.

कागदाची परीक्षा

परदेशी नोकरीसंबंधीचा उत्प्रवासन कायदा 1983 साली झाला. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट साधारणतः 'ईसीआर' प्रकारचा निघतो. अशा माणसाला सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिरात, मलेशिया वगैरे देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयाची मंजुरी लागते. आयटीआयच्या वेल्डर अभ्यासक्रमाला आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो, सबब आपल्या बऱ्याच मुलांना हा नियम लागू होतो. एजंट म्हणतो, "मंजुरीच्या भानगडीत कशाला पडता काका, विझिट व्हिसावर पाठवतो, तिकडं गेल्यावर बदलून घेऊ." इथेच सापळा आहे. विझिट व्हिसावर काम करणे हा तिकडे गुन्हा ठरतो. पगार बुडाला तरी तक्रारीला तोंड राहत नाही.

सरकारी मार्गाने जाणाऱ्यास प्रवासी भारतीय विमा योजनेत 10 लाखांचे संरक्षण मिळते आणि दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये आहे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क 30,000 रुपये व त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 35,400 रुपये, एवढेच घेता येते. दीड लाखातले उरलेले कशाचे, हे त्याला विचारावे आणि पावती मागावी. पावती देत नसेल तर उठून यावे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या 'ई-मायग्रेट' यादीत पाहता येतो. करारात मूळ पगार, ओव्हरटाइम, राहणे, जेवण, तिकीट आणि मुदत लिहिलेली असावी. मूळ पगार किती धरला आहे ते विशेष पाहावे, कारण सेवासमाप्तीची रक्कम पगारावरच ठरते. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी ती दर वर्षाला अर्ध्या महिन्याच्या पगाराइतकी असते.

हे एवढे सांगण्याचे कारण, संकट कोणावरही येते. 1990 साली इराकने कुवेत घेतले तेव्हा लाखाहून अधिक भारतीय विमानाने परत आणावे लागले. 2014 साली इराकमध्ये मोसूल येथे 39 भारतीय बांधकाम कामगार पळवून मारले गेले. 2016 साली सौदीत हजारो भारतीयांचे पगार महिनोन्‌महिने थकले, छावण्यांत दूतावासाला अन्न पुरवावे लागले. 12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीस आग लागून 45 च्या आसपास भारतीय गेले. भीती घालावी म्हणून हे लिहीत नाही. ज्याचे नाव सरकारी कागदावर आहे त्याला शोधता येते, आणि ज्याचे शेत मोकळे आहे त्याला परत येता येते, हे ध्यानात यावे म्हणून लिहितो.

उल्हासनगरचा धडा

आपली मुले ज्या उल्हासनगरात उतरतात ते गाव कसे वसले हे त्यांना बापाने सांगावे. ती कल्याणची लष्करी छावणी होती. 1947 च्या फाळणीत सिंधमधून घरदार, दुकान, शेतीवाडी टाकून आलेले लोक तिथल्या बराकींत राहिले. 1949 साली गावाला उल्हास नदीवरून नाव मिळाले, तरी आजही लोक पत्ता 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. त्या माणसांनी कष्टाने पुन्हा सर्व उभे केले, हे त्यांचे मोठेपण. पण त्यांची वतने फाळणीने नेली. आपण मात्र स्वतः अंगठा उठवून, सही करून जमीन दुसऱ्याच्या हाती देतो, याला काय म्हणावे?

हिशोब मांडून पाहा. सावकाराकडून दीड लाख रुपये दरमहा शेकडा तीन रुपयांनी काढले, तर महिन्याचे व्याज 4,500 होते. दोन वर्षांच्या करारात नुसते व्याज 1,08,000 होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. मुलगा उन्हात पाइपला सांधे घालतो, आणि इकडे सावकाराचे दुभते चालू राहते.

कारखान्याने काय करावे

आम्ही व्यवस्थापनास दोन गोष्टी सुचवितो. पहिली, ऑफ सीझनमध्ये आपल्या वर्कशॉपला बॉयलर ट्यूब, ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर अशी वेल्डिंगची कामे भरपूर असतात. बॉयलरवर जोडकाम करणाऱ्याला बाष्पके विभागाची परीक्षा द्यावी लागते, म्हणजे कसाला लागणारी माणसे आपल्या घरातच आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 पासून आहे. त्याखाली सभासदांच्या मुला-मुलींना घेऊन, भंगार पाइपच्या तुकड्यांवर सराव द्यावा आणि चाचणी घ्यावी. साखर कारखानेही परदेशी उभे राहतात. 2007 साली भारताने इथिओपियाच्या साखर उद्योगासाठी 64 कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. अशा ठिकाणी साखर कारखान्यात घडलेला हात उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, परदेशगमनासाठी ऊसबिलावर उचल मागितली गेल्यास नोंदणीकृत एजंटाची पावती व करार पाहूनच ती द्यावी, आणि कायदेशीर शुल्क, तिकीट, वैद्यकीय तपासणी एवढ्यापुरतीच द्यावी. काही सभासदांस हे कडक वाटेल. बेणे प्रक्रिया सक्तीची केली तेव्हाही वाटले होते.

तेव्हा सभासदांस नम्र विनंती की, एजंटाला पहिला रुपया देण्याआधी करार, व्हिसाची प्रत आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक घेऊन गट कार्यालयात यावे. मुलासही सोबत आणावे. कागद एकत्र बसून वाचू, न समजलेले विचारून घेऊ, मगच सही करावी.